पहिला ठोका देवाचा

मी चौथी पास आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे काळीज, रक्त, नसा, मेंदू असले शब्द येणार आहेत आणि ते वाचून कुणी मला शहाणी समजायला नको. पाचवीची शाळा चौक गावात होती. मी चौकला गेले तर दोन म्हशी कोण राखणार, असं बानं विचारलं, म्हशींनी काही उत्तर दिलं नाही आणि माझं शिक्षण संपलं. त्याचं मला फार दुःख झालं असं लिहिलं तर बरं दिसेल, पण झालं नव्हतं. शाळेत मला झोप यायची. मला एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे मोजणं. खळ्यावर बा पायलीनं भात मोजायचा आणि मी शेजारी चिंचोके मांडत बसायची. लहानपणी त्यात मी कधी चुकले नाही. ह्याचा मला एवढा माज होता, की लग्नाच्या पंगतीत बसले तरी समोरच्या ओळीत माणसं किती, हे मोजल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. त्याच माजानं मी तोंडावर कशी आपटले, ते ह्या प्रकरणात आहे.

आमचं घर लोधिवलीत, भातगिरणीच्या मागच्या अंगाला. गिरणीचं इंजिन सुरू झालं की चुलीवरच्या टोपाचं झाकण थरथरायला लागायचं आणि आय म्हणायची, "उठली बघ म्हातारी." इंजिन फट्‌ फट्‌ फट्‌ धावायचं, मधेच एक ठोका गाळायचं, मग दोन जोरात मारायचं. त्या आवाजावर आवाज काढायची सवय लागल्यामुळे आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे. नव्या पाहुण्याला वाटायचं की भांडण चाललंय, आणि बऱ्याचदा ते खरंही असायचं. गिरणीचा कोंडा उडून सगळीकडे बसायचा, भाकरीत, अंथरुणात, देवाच्या टाकांवर. सकाळी तांदळाची पेज आणि चुलीत भाजलेला सुका बोंबील, दुपारी भाकरी आणि जवळ्याची चटणी. वालाचं बिरडं असलं तर तो सण. आईच्या हाताला चव होती, असं सगळेच लिहितात. माझ्या आयच्या हाताला मीठ होतं. बा जेवता जेवता दोन तांबे पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "तुज्या आयच्या आमटीत होडी घालावी, थेट अलिबागला निघंल."

मी सोळा-सतराची असेन तेव्हा आमच्या गावात काळीजवाली बाई आली. हे नाव गावानं ठेवलेलं. ती मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीण होती. चाळिशीची, काटक, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि चालायची अशी की मागून कुत्रं लागलंय. ती औषध द्यायला आली नव्हती, हे गावाला समजायलाच पंधरा दिवस गेले. तोवर लोक रांगेत उभे राहून गुडघे, दात, सासूचा स्वभाव, सगळ्यांवर गोळी मागत होते. तिला बघायचं होतं ते वेगळंच. तिनं ते आम्हाला शेताच्या भाषेत सांगितलं होतं, म्हणून माझ्या अजून ध्यानात आहे. माणूस आडवा असतो तेव्हा रक्त अंगभर सारखं असतं, सपाट खाचरातल्या पाण्यासारखं. तो उभा राहिला की पाणी खालच्या खाचरात पळतं, म्हणजे रक्त पायात उतरतं. मग डोक्याला रक्त कमी पडून माणूस धाडकन पडायला हवा. पण पडत नाही. का पडत नाही? कारण मानेतल्या नसेत एक राखणदार बसलेला आहे. दाब कमी झाला की तो वर डोक्याला निरोप धाडतो, डोकं काळजाला हुकूम सोडतं, "हाण जोरात," आणि काळीज ठोके वाढवतं. हे सगळं आपण 'अगं बाई' म्हणेपर्यंत होऊन जातं. वाकून आवणी करणारी, भाताची रोपं लावणारी आम्ही माणसं दिवसातून शेकडो वेळा वाकतो आणि उठतो, तर आमचा राखणदार शहरातल्या खुर्चीवाल्यांपेक्षा वेगळा वागतो का, हे तिला शोधून काढायचं होतं.

आता मी पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा मी माझ्या मानेतल्या राखणदाराला शिव्या देते. तोही म्हातारा झाला. पेन्शनीत गेला असेल.

गिरणीशेजारची एक रिकामी खोली बाईला मिळाली. सकाळी काम चालेल तोवर इंजिन बंद ठेवायचं ठरलं होतं, कारण फट्‌फटीनं लोकांचे ठोके वाढायचे. गिरणीवाला कुरकुरला, पण त्याला पहिल्याच दिवशी खाटेवर निजवून नळ्या लावल्या, तेव्हा गप्प झाला. खोलीत एक खाट, भिंतीपाशी उभं राहायला एक फळी, दाब बघायचं यंत्र आणि एक मोठी बादली. बादलीत बर्फ असायचा. खोपोलीहून भुशात गुंडाळून येष्टीच्या टपावरून यायचा. माणसानं पंजा बर्फाच्या पाण्यात घालायचा आणि गार पाण्यानं दाब किती चढतो ते बाई बघायची. मिनिटभर पुरे असायचं. पण आमचे तुकाकाका, वय साठ, हात काढेनात. "बाई, तुमी बोला तवा काडतो. आपन काय भित नाय." बाई म्हणाली, "काढा आता." ते म्हणाले, "आनखी थोडा येळ ठेवतो, शेजाऱ्यानं किती ठेवला व्हता?" शेवटी हात निळा पडला तेव्हा काढला आणि आठ दिवस त्याच हातानं सगळ्यांना रामराम केला.

बाईला नाडी मोजायला दोन मुली हव्या होत्या. पण नाडीला पोरींचा हात लागला तर म्हातारे बिचकतील असं तिला वाटत होतं. म्हातारे अजिबात बिचकले नाहीत. पहिली मुलगी सुशीला. बौद्धवाडीतली, सातवी पास, गावातली सगळ्यात उंच मुलगी. तिला नर्स व्हायचं होतं. बाईनं तिला सांगितलं होतं, नीट काम केलंस तर मुंबईत शिकायला घेतील अशी चिठ्ठी देईन. त्या चिठ्ठीसाठी सुशीला अर्धा तास आधी येऊन खोली झाडून ठेवायची. दुसरी मी. मला काहीच व्हायचं नव्हतं. मी आले ते मोजायला मिळेल म्हणून, आणि म्हशींपासून सुटका म्हणून. आमच्या घरी सुशीलाला ओट्यापर्यंतच बोलावत. चहा दिला तर कप वेगळा. हे लिहिताना आज लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती. तेव्हा मला वाटायचं, कप वेगळा म्हणजे पाहुण्याचा मान. सुशीलाला काय वाटायचं ते तिनं मला चाळीस वर्षांनी सांगितलं. ते इथे छापण्यासारखं नाही.

बाईनं आमची परीक्षा घेतली. तिरक्या मानेनं घड्याळ बघत म्हणाली, "मी 'हं' म्हटलं की मोजायला लागायचं, 'बस' म्हटलं की थांबायचं." दोघींनी गिरणीवाल्याचं एकेक मनगट धरून एक पूर्ण मिनिट मोजायचं होतं. तिनं स्वतः त्याच्या छातीला नळी लावून मोजलं. तिचे बहात्तर आले, सुशीलाचे बहात्तर, माझे एकाहत्तर. "एखादा इकडेतिकडे चालतो," बाई म्हणाली. मला राग आला. माझं आणि इकडेतिकडे! मी मनात म्हटलं, ह्या दोघीच चुकल्या.

मग काम ठरलं. मी बुटकी, म्हणून माणूस खाटेवर निजलेला असताना मनगट मी धरायचं. सुशीला उंच, म्हणून तो फळीवर उभा राहिला की मनगट तिनं धरायचं. दुसरीनं आकडा लिहायचा. उभं राहिल्यावर ठोके झपाट्यानं बदलतात, मिनिटभर थांबून उपयोग नाही, म्हणून दोघींनी पाव मिनिटच मोजायचं आणि बाई त्याला चारानं गुणायची. गाव येत राहिलं. निजत राहिलं, उठत राहिलं. एकेकजण निजला की घोरायला लागायचा. बायकांना दिवसाढवळ्या खाटेवर निजायला मिळायचं ते वर्षातून एकदा, आणि तेही बाळंतपणातच. त्या उठायलाच तयार नसत. "काय गं यमे, माज्या काळजात काय दिसलं?" एकीनं विचारलं. मी म्हटलं, "कोंडा."

दोन महिन्यांनी बाईच्या चालण्यात फरक पडला. आता ती कुत्रं मागे लागल्यासारखी नाही, कुत्र्याच्या मागे लागल्यासारखी चालायची. तिनं चौकटीच्या कागदावर दोन रेघा काढल्या होत्या, आडव्या माणसांची निळी, उभ्या माणसांची लाल. शहरातल्या लोकांच्या दोन रेघांमध्ये जेवढं अंतर होतं, त्यापेक्षा आमच्या रेघांमध्ये बरंच जास्त होतं. म्हणजे आमचं काळीज निजलेलं असताना एकदम शांत, आणि उठलो की शहरातल्या माणसापेक्षा मोठी उडी घेणारं. असं का असावं, ह्यावर तिनं खूप विचार केला होता. आवणीमुळे राखणदार तल्लख होतो, असं काहीसं तिचं म्हणणं होतं. पुढच्या सोमवारी मुंबईला मोठ्या डॉक्टरांच्या सभेत ती हे वाचून दाखवणार होती. आधी तिला तिथे कुणी विचारत नसे, असं तिच्या बोलण्यातून आम्हाला कळलं होतं. एकदा डबा खाताना ती म्हणाली होती, "बाईचं संशोधन म्हणजे छंद असं समजतात ते. भरतकामासारखा."

गावाला हे कळायला वेळ लागला नाही, कारण सांगायला मी होते. आमचं काळीज उडी घेतं! तुकाकाका चौकच्या बाजारात जाऊन सांगून आले, "तुमचं काळीज काय काळीज हाय? आमचं बघा. निजलं तर साधू, उठलं तर पैलवान." एका सोयरिकीच्या बोलणीत आमच्याकडच्या माणसानं हा मुद्दा काढला, असंही ऐकलं. आणि हे सगळं ज्या आकड्यांवर उभं होतं, त्यातले अर्धे माझ्या बोटांखालून गेलेले. मी रस्त्यानं चालताना दोन्ही बाजूंना बघत चालायची, कोण बघतंय ते बघायला.

त्या शनिवारी आमचं खळं होतं. झोडणी संपली होती, भात वारवून रास घातली होती. बा राशीपुढे बसला, कपाळाला हात लावला आणि पायली भरली. सुशीला मला निरोप द्यायला आली होती, की बाईनं संध्याकाळी कागद आवरायला बोलावलंय. ती राशीपासून चार हात लांब उभी राहून बघत होती. बानं पहिली भरलेली पायली सुपात ओतली आणि म्हणाला, "ही देवाची." सूप बाजूला सरकवलं. मग दुसरी पायली भरून टोपलीत ओतत गाणं म्हटल्यासारखं म्हणाला, "लाभ." मग "दोन", मग "तीन". आमच्याकडे एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आणि देवाची पायली मोजण्यात धरत नाहीत. देवाला दिलेलं कसं मोजायचं? मी लाभाला पहिला चिंचोका मांडला. लहानपणापासून मांडत होते तसाच.

सुशीला म्हणाली, "अगं, पयली धरली नाय तुज्या बानं."

"ती देवाची," मी म्हटलं.

"मंग रास एका पायलीनं कमीच मोजली जानार ना?"

"कमी कशी? आपली तेवढीच. देवाची ती देवाची."

पाच, सहा, सात पायल्या पडल्या. मग ती खाली बसली, माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "यमे, तू नाडी पन अशीच मोजतीस?"

मी म्हटलं, "मग कशी मोजतात?"

आयुष्यात मी पुष्कळ मूर्ख वाक्यं बोलले आहे. नवऱ्याशी बोललेली वेगळी. पण ह्या वाक्याच्या जवळपास काही येत नाही. माझे हात चिंचोक्यांवर थांबले. बा म्हणाला, "अगं मांड की," आणि मी मांडला, पण कोणत्या पायलीचा ते मला आजही सांगता येणार नाही. त्या वर्षी आमच्या राशीचा आकडा चुकला. मनगट हातात आलं की पहिला ठोका मी सोडून द्यायची. तो देवाचा. मग मनात लाभ, दोन, तीन. असं करण्यात काही चूक आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. श्वास घेताना आपण कुठे विचारतो, की बरोबर घेते ना? पाव मिनिटात एक ठोका कमी, आणि त्याला चारानं गुणलं की मिनिटाला चार. निजलेल्या सगळ्या गावाचं काळीज मी चार ठोक्यांनी हळू केलं होतं. उभं राहिलं की मनगट सुशीलाच्या हातात, आणि तिथे पहिल्यापासून चोख मोजणी. मग उडी मोठी दिसणार नाही तर काय!

खळ्यामागे गवताच्या उडवीच्या आडोशाला मी तिला विचारलं, "तू कशी गं सगळे मोजतीस?"

"आमी देवाला सोडलाय," सुशीला म्हणाली. "तवापासनं आमची मोजनी बरोबर येते."

मला तेव्हा एक युक्ती सुचली, आणि ती मी इथे लिहिते, कारण लपवून ठेवायला वय राहिलं नाही. मी म्हटलं, "असं कर, उद्यापासनं तू पन पयला सोड. म्हंजी दोघींचं सारखं होईल."

"आमच्याकडं सोडायला देव नाय," ती म्हणाली. "आनि झालेल्या दोन महिन्यांचं काय? बाई सोमवारी मुंबईत उभी राहनार. तिथं कुनी इचारलं, की दोन पोरी मोजत व्हत्या, दोघींत फरक का? मग चूक कुनाची निघंल?"

"माजी."

"तुजी नाय निघायची. तू गिरनीमागची यमुना. आकडा माजा जास्त हाय. म्हनतील, वाडीतल्या पोरीला मोजता येत नाय. जाईल माजी चिठ्ठी." तिनं एक काडी उपसली आणि दातात धरली. "मी सांगनार नाय बाईला. मी सांगितलं तर म्हनतील चुगली केली. तूच सांग, नायतर नको सांगू. तुजं तू बघ."

इथे कुणी असं समजू नये, की माझ्यात एकदम सत्य जागं झालं. मी आधी घरी जाऊन भाकरी खाल्ली. खाताना विचार केला, की बाई मुंबईला जाईल, तिथे शंभर डॉक्टर टाळ्या वाजवतील, आपलं कोण बघतंय. आयला विचारलं, "आये, एकादी गोष्ट चुकली आनि कुनालाच कळली नाय, तर चालतं का?" आय म्हणाली, "आमटीत मीठ जास्त झालंय का? सरळ बोल." सुशीलानं दातात काडी धरली होती तो तिचा जबडा मात्र डोळ्यांपुढून जाईना. तिच्या जागी मी असते, तर आतापर्यंत गावभर बोंब ठोकली असती. ती सकाळी अर्धा तास आधी येऊन झाडायची, आणि मी कोंड्याचे विनोद करायची. शेवटी उठले ते पुण्य म्हणून नाही. एकदा तरी तिच्या आधी खोलीत पोचावं म्हणून.

बाई खोलीत कागद बांधत होती. सुशीला दाराशी उभी राहून दोरी कापून देत होती. मी आत गेले आणि बोलून टाकलं, "बाई, पयला ठोका मी देवाला दिलाय."

"कुणाचा पहिला ठोका?"

"सगळ्यांचा."

"कोणत्या देवाला?"

"बाप्यांचा गावच्या बहिरीदेवाला. बायांचा देवीला."

बाईनं दोरी खाली ठेवली. मी खळ्याची, पायलीची, लाभाची सगळी गोष्ट सांगितली. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. मग स्टुलावर बसली, स्वतःचा हात पुढे केला आणि म्हणाली, "मोज. हं." एका हातानं तिनं स्वतःच्या मानेची नस धरली होती. पाव मिनिट झालं. "बस." मी म्हटलं, "बावीस." ती म्हणाली, "तेवीस." पुन्हा मोजलं. तिचे चोवीस, माझे तेवीस. तिसऱ्यांदा मी ठरवून मोजायला गेले, तरी बोटाखाली पहिला ठोका आला आणि निसटून गेला. पण मला दुसरंच कळलं होतं. बाईच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, किती शांत बाई. मनगटात मात्र घोडा उधळला होता. बसल्या माणसाचे ठोके एवढे नसतात, हे मला दोन महिन्यांत कळायला लागलं होतं. दोन महिन्यांत मी शिकले ते एवढंच, आणि ते त्या वेळी शिकायला नको होतं.

"एकालाही चुकली नाहीस? प्रत्येकाचा सोडलास?" बाईनं विचारलं. माझ्या लक्षात आलं, की तिला आशा होती. सगळ्यांचाच सोडला असेल तर सगळीकडे चार मिळवून काम भागलं असतं. मी आठवायला लागले. चौकचा एक मनुष्य आला होता, शिव्या देत होता, त्याचा देवाला द्यावासा वाटला नव्हता. तापातल्या एका म्हातारीचा दोनदा दिला होता, जास्त गरज म्हणून. आयचा दिला की नाही ते आठवेना.

"आणि वाडीतल्या लोकांचा?"

"दिला," मी म्हटलं. "त्यांचा पन बहिरीलाच."

दारातून सुशीला म्हणाली, "आमचा ठोका? आमाला न इचारता देवाला दिलास?"

बाई हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं हसण्याचं किती आणि दुसरं किती, हे मोजायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मग तिनं बांधलेली दोरी सोडली. निळ्या रेघेवर चार घरं वर पेन्सिलीनं बारीक तुटक रेघ काढली. आमच्या दोन रेघांमधलं अंतर शहरातल्या लोकांएवढंच झालं. तिनं तो कागद बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "सोमवारी मी जात नाही. सगळं पुन्हा मोजायचं."

सगळं पुन्हा मोजलं. ह्या खेपेला दोन्ही वेळा मनगट सुशीलानं धरलं. मी बर्फ फोडला, बादली भरली, लोकांना घरोघर बोलावून आणलं. हे शेवटचं काम बाईनं मला मुद्दाम दिलं असावं. "परत कशाला? गेल्या येळी काळीज आनलं नव्हतं का?" असं एकानं विचारलं, की मला सगळी गोष्ट सांगावी लागायची. बा सगळ्यात जास्त चिडला. चूक झाली म्हणून नाही, देवाचा ठोका आता मोजणीत धरणार म्हणून. तो खाटेवर निजला, सुशीलानं मनगट धरलं आणि तो म्हणाला, "पोरी, मोज सगळे. पन पयला माजा नाय, येवडं ध्यानात ठेव." सुशीला म्हणाली, "काका, मी मोजते. देवाला द्यायचा तर तुमी घरी जाऊन द्या." घरातला कुणी माणूस बाला असं बोलला असता तर तांब्या आला असता. पण तो निजलेला होता आणि छातीवर नळी होती. उठताना आयला म्हणाला, "लंबी पोर हुशार हाय." पुढच्या वेळी सुशीला घरी आली तेव्हा चहा आमच्याच कपातून गेला. कप आयनं दिला होता आणि बानं बघून न बघितल्यासारखं केलं होतं. ह्यापेक्षा जास्त काही झालं नाही, आणि जास्त झालं असं मी लिहिणार नाही.

निकाल लागला तो असा, की आमचं काळीज इतर कुणाही माणसासारखंच आहे. बाईनं तसंच लिहून मुंबईत वाचलं. टाळ्या वाजल्या की नाही, ते तिनं कधी सांगितलं नाही. गावाला मात्र हे मुळीच आवडलं नाही. पैलवानाचं काळीज हातचं गेलं होतं आणि ते मी घालवलं होतं. तुकाकाकांनी चौकच्या बाजाराला जाणं महिनाभर बंद केलं. माझं नाव 'देवठोकी' पडलं, आणि लग्न होऊन कर्जतला पळसदरीकडे आले तर माझ्या आधी ते नाव येऊन बसलं होतं. सासू भाकऱ्या मोजायला सांगायची आणि पुन्हा स्वतः मोजायची.

सुशीलाला चिठ्ठी मिळाली. ती नर्स झाली, हेडनर्स झाली, निवृत्त होऊन भिसेगावला घर घेतलं. आता केस पांढरे, पाठ ताठ, आणि अजून माझ्यापेक्षा हातभर उंच. काळीजवाल्या बाईला जाऊन बरीच वर्षं झाली. तिनं काय काय शोधलं ते सुशीलाला माहीत आहे. मला एवढंच माहीत आहे, की चुकीच्या आकड्यावर तिला मान मिळत होता, आणि तिनं तो घेतला नाही. मी असते तर घेतला असता आणि वर जेवणही मागितलं असतं.

गेल्या वर्षी माझं स्वतःचं काळीज मंद चालायला लागलं. चक्कर येऊन मी परसात कोंबड्यांच्या खुराड्यावर पडले. कोंबड्यांना काही झालं नाही. पनवेलच्या दवाखान्यात नेलं आणि छातीत कातडीखाली काड्यापेटीएवढं यंत्र बसवलं. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "आजी, आता काळजी नाही. राखणदार ठेवलाय. मिनिटाला साठच्या खाली हा ठोके जाऊ देणार नाही." राखणदार हा शब्द ऐकून मी त्याच्याकडे नीट बघितलं, पण त्याला काही ठाऊक नव्हतं. तो गेल्यावर मी भिंतीवरचं घड्याळ बघत मनगट धरलं आणि एक मिनिट मोजलं. एकोणसाठ. पुन्हा मोजलं. एकोणसाठ. तिसऱ्यांदाही तेच. मी घंटी वाजवली. नर्स आली, तिला सांगितलं की यंत्र बिघडलेलं आहे. तिनं मोजलं नाही, हसून गेली. मग मी ओरडले. गिरणीमागच्या घरात शिकलेला आवाज अजून शाबूत आहे. तरुण डॉक्टर धावत आला, त्यानं तारा लावल्या, पडद्यावर बघितलं आणि म्हणाला, "आजी, बरोबर साठ आहेत." मी म्हटलं, "तुझा पडदा खोटा. मी लहानपणापासून मोजते आहे."

तेवढ्यात सुशीला मला भेटायला आली. पिशवीत मोसंबी होती. तिनं दारातूनच सगळं ऐकलं, पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि डॉक्टरला म्हणाली, "यंत्र बरोबर हाय, डॉक्टर. हिचा एक ठोका कायम देवळात असतो."